बारा गुणिले नऊ : चौकटीच्या क्षेत्रफळाच्या प्रकल्प नोंदी

१ जुलै

क्षेत्रफळावरील कृतिसंचातला चौकटीचा भाग आजपासून माझ्याकडे आला आहे. संच अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्यात पुठ्ठ्याचे तुकडे, आलेखकागद व कृतिपत्रे असतील. विषय एका वाक्यात सांगता येतो : बाहेरच्या आयताच्या क्षेत्रफळातून आतल्या आयताचे क्षेत्रफळ वजा केले की दोहोंमधल्या काठाचे क्षेत्रफळ मिळते. हे वाक्य मुलांना चटकन पाठ होते आणि तरीही उदाहरण चुकते. वजाबाकी ही या उदाहरणातली शेवटची पायरी असते. चूक त्याआधीच, आतला आयत नेमका केवढा हे ठरवताना होऊन गेलेली असते. संचाने मदत करायची ती त्या जागी, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवत आहे.

एक निर्णयही घेतला. संपूर्ण भागात एकच आयत वापरायचा : लांबी १२ सेमी, रुंदी ९ सेमी, आणि त्याच्या आतल्या कडेने २ सेमी मापाचा काठ. बाहेरचे क्षेत्रफळ १०८ चौ. सेमी, आतला आयत ८ गुणिले ५ म्हणजे ४० चौ. सेमी, आणि काठ ६८ चौ. सेमी. प्रत्येक उदाहरणात नवे आकडे दिले की सराव वाढतो, पण एका उत्तराचा दुसऱ्याशी काही संबंध आहे का, हे पाहायला मूल थांबत नाही. एकाच आयताच्या सहवासात काही दिवस गेले तर त्याचे आकडे ओळखीचे होतील, आणि एखादा आकडा भलत्याच ठिकाणी पुन्हा भेटला तर तो इथे कसा आला, असा प्रश्न मुलांना आपणहून पडेल, अशी माझी अपेक्षा आहे.

३ जुलै

कृतिपत्राचा पहिला मसुदा वाचताना शब्दाची अडचण लक्षात आली. आयताच्या लहान बाजूला आपण रुंदी म्हणतो आणि काठाच्या मापालाही रुंदीच म्हणतो. ‘९ सेमी रुंदीच्या आयताला २ सेमी रुंदीचा काठ’ हे वाक्य मोठ्या माणसाला खटकत नाही, पण जे मूल ‘लांबी गुणिले रुंदी’ हे सूत्र हातात घेऊन आकडे शोधत आहे, त्याच्यासमोर एकाच नावाची दोन मापे उभी राहतात. ‘जाडी’ हा शब्द वापरून पाहिला. परंतु जाडी म्हटले की पुठ्ठ्याची जाडी डोळ्यांसमोर येते आणि मन घनफळाकडे वळते. शेवटी काठाच्या मापाला सगळीकडे ‘पट्टी’ हेच नाव ठेवले. अक्षरेही त्याच नावांवरून घेतली : लांबी ल, रुंदी र, पट्टी प. आतल्या आयताच्या बाजू ल − २प आणि र − २प, आणि काठाचे क्षेत्रफळ ल × र − (ल − २प) × (र − २प).

दुसरा अडसर ‘भोवती’ या शब्दाचा आहे. आयताभोवती काठ म्हटले की तो बाहेरून येतो आणि दिलेला आयत आतला ठरतो. आयताच्या आतल्या कडेने काठ म्हटले की तोच आयत बाहेरचा ठरतो. १२, ९ आणि २ हेच तीन आकडे पहिल्या वाचनात १६ × १३ − १०८ म्हणजे १०० चौ. सेमी देतात आणि दुसऱ्या वाचनात ६८ चौ. सेमी. म्हणून प्रत्येक कृतिपत्रात आकडेमोडीआधी एक रिकामी आकृती ठेवत आहे, जिच्यात मुलाने काठ रेखाटून भरायचा आणि दिलेली मापे बाहेरच्या आयताची की आतल्या, हे शब्दांत लिहायचे.

६ जुलै

मुलांच्या एका लहान गटाबरोबर पहिली चाचणी घेतली. मुद्दाम आकृती न देता केवळ शाब्दिक उदाहरण दिले, कारण चूक कुठे होते हे मला पाहायचे होते. ६८ हे उत्तर आलेच, पण त्याबरोबर ३८, ८४ आणि १६ हीसुद्धा उत्तरे आली. ३८ लिहिणाऱ्यांनी लांबीतून आणि रुंदीतून पट्टी एकदाच वजा केली होती : १०८ − १० × ७. ८४ लिहिणाऱ्या मुलाने परिमिती ४२ काढून तिला २ ने गुणले होते. १६ लिहिणाऱ्या मुलीने आतला आयत अगदी बरोबर काढला होता, मात्र क्षेत्रफळांऐवजी बाजूंची वजाबाकी आधी केली : १२ − ८ = ४, ९ − ५ = ४, आणि ४ × ४ = १६.

माझ्या योजनेप्रमाणे मी फळ्यावर बरोबर रीत लिहून दाखवली आणि या तीन उत्तरांपुढे ती का चूक आहेत ते सांगितले. सगळ्यांनी मान डोलावली. त्या मुलीने मात्र विचारले, “मग हे सोळा कशाचे?” माझ्यापाशी लगेच उत्तर नव्हते. “ते कशाचेच नाही, ती रीत चुकली,” असे मी म्हणून गेले, आणि घरी येईपर्यंत ते वाक्य मनाला लागून राहिले. चार सेमी बाजूंचा गुणाकार कशाचाच नाही, असे होणार नाही. त्या सोळा चौ. सेमींना आकृतीत कुठेतरी जागा असली पाहिजे.

७ जुलै

सोळा सापडले, आणि ते सापडण्याची रीत इतकी सरळ आहे की कालच सुचायला हवी होती. आतला ८ × ५ चा तुकडा मध्यभागी न ठेवता सरकवत नेऊन बाहेरच्या आयताच्या एका कोपऱ्यात चिकटवला. आता काठ चारही बाजूंना २ सेमी न राहता फक्त दोन बाजूंना ४ सेमी होतो. क्षेत्रफळ अर्थातच बदललेले नाही, कारण बाहेरचा आयत तोच आहे आणि आतलाही तोच. या काटकोनी आकाराचे तीन भाग दिसतात : ८ × ४ म्हणजे ३२ चा एक हात, ५ × ४ म्हणजे २० चा दुसरा हात, आणि दोन्ही हात जिथे मिळतात तिथला ४ × ४ चा चौरस. हाच तो १६. बाजूंच्या फरकांचा गुणाकार केवळ कोपरा मोजतो आणि दोन्ही हात सोडून देतो. ३२, २० आणि १६ यांची बेरीज ६८ येते. तुकडा परत मध्यभागी नेला की त्या चौरसाच्या जागी २ × २ चे चार कोपरे दिसतात, त्यांचीही बेरीज १६ च.

यानंतर बाकीची दोन उत्तरे तशीच तपासली. परिमितीला पट्टीने गुणून ८४ आले, त्यात प्रत्येक कोपरा दोनदा मोजला गेला आहे, एकदा आडव्या पट्टीत आणि एकदा उभ्या पट्टीत. चार कोपऱ्यांचे १६ एकदा कमी केले की ८४ − १६ = ६८. उलट आतल्या आयताची परिमिती २६ घेऊन २ ने गुणले तर ५२ येतात आणि कोपरे एकदाही मोजले जात नाहीत; ५२ + १६ = ६८. आतून मोजा किंवा बाहेरून मोजा, खऱ्या उत्तरापासूनचे अंतर दोन्हीकडे तेच सोळा. साहजिकच मधोमध, म्हणजे काठाच्या मध्यरेषेवरून मोजले तर काहीही कमी-जास्त करावे लागू नये, आणि तसेच होते : मध्यरेषेचा आयत १० × ७, त्याची परिमिती ३४, आणि ३४ × २ = ६८. परवाच्या बाहेरच्या काठाचे १०० सुद्धा याच रांगेत बसतात. तिथे १२ × ९ हा आतला आयत आहे, म्हणून ८४ + १६.

३८ चा अर्थ वेगळा आहे. पट्टी एकदाच वजा केली म्हणजे काठ लगतच्या दोनच बाजूंना उरला. असा काठही खऱ्या कामांत असतो. भिंतीच्या कोपऱ्यात टेकलेल्या पृष्ठभागाला दोनच मोकळ्या कडा असतात. ग्रीक गणितात चौरसाला लावलेल्या अशा काटकोनी काठाला नोमॉन असे नाव होते. एका ठिपक्याला तीन ठिपक्यांचा, मग पाचांचा, मग सातांचा काटकोनी काठ लावत गेले की १, ४, ९, १६ असे चौरस तयार होतात. ओळीने येणाऱ्या विषम संख्यांची बेरीज वर्गसंख्या का असते, ते यात डोळ्यांना दिसते.

म्हणजे चुकलेले प्रत्येक उत्तर दुसऱ्या एखाद्या आकृतीचे बरोबर उत्तर आहे. फळ्यावरची माझी कालची दुरुस्ती त्यामुळे अपुरी होती. ‘चार उत्तरे, चार आकृत्या’ असे नवे कृतिपत्र करत आहे, ज्यात १६, ३८, ६८ आणि ८४ हे आकडे दिलेले असतील आणि प्रत्येकाची आकृती मुलांनी रंगवून शोधायची असेल. ८४ च्या आकृतीत कोपऱ्यांवर रंगाचे दोन थर चढतील, आणि तेच त्या उत्तराचे स्पष्टीकरण.

१० जुलै

पुठ्ठ्याचे तुकडे कापले. काठ चार तुकड्यांत कापण्याच्या तीन रीती ठेवल्या आहेत. पहिलीत दोन लांब पट्ट्या पूर्ण १२ सेमीच्या आणि उरलेल्या दोन ५ सेमीच्या : २४, २४, १०, १०. दुसरीत चारही पट्ट्या फिरकीसारख्या एकमेकींना टेकतात, प्रत्येक पट्टी एका टोकाला कोपरा घेते आणि दुसऱ्या टोकाला सोडते, म्हणून लांबी १० आणि ७ : २०, १४, २०, १४. तिसरी तसबिरीच्या चौकटीची, कोपऱ्यात ४५ अंशांचा तिरका काप देऊन. यात प्रत्येक तुकडा समलंब चौकोन होतो. लांब तुकड्याच्या समांतर बाजू १२ आणि ८, त्यांची सरासरी १०, उंची २, क्षेत्रफळ २०. आखूड तुकड्याच्या ९ आणि ५, सरासरी ७, क्षेत्रफळ १४.

फिरकी आणि तसबीर यांचे आकडे सारखेच येतात. कोपऱ्याची वाटणी हे त्याचे कारण आहे : फिरकीत पट्टीला दोन कोपऱ्यांपैकी एक पूर्ण मिळतो, तसबिरीत दोन्ही अर्धे अर्धे मिळतात. तीनही रीतींत पट्ट्यांचे मधले भाग तेच राहतात, बदलते ती केवळ कोपऱ्यांची मालकी. सहकाऱ्यांनी तीनही रीती एका आड एक ठेवून मुलांना पुठ्ठ्याचे तुकडे अदलाबदल करायला द्यावेत असे सुचवले, आणि ते मला पटले.

१४ जुलै

आजची नोंद लहान आहे. आतला तुकडा मध्यभागी नसला, एका बाजूला १ सेमी आणि समोरच्या बाजूला ३ सेमी असा असमान काठ असला, तरी वजाबाकी बदलत नाही. लांबीतून डावी आणि उजवी पट्टी मिळून किती गेले एवढेच महत्त्वाचे. तुकडा तिरका फिरवून ठेवला, तरी तो बाहेरच्या आयतात पूर्ण मावतो तोवर उत्तर ६८ च. अशा तिरक्या जागेचे तुकडे करून मोजायला गेले तर त्रिकोण आणि कोन हाताळावे लागतील. पट्ट्यांच्या रीती मला मनापासून आवडतात, पण वजाबाकीचे बळ इथे दिसते : तिला काठाचा आकार माहीत असण्याची गरजच नसते.

१५ जुलै

पट्टी वाढवत नेली तर काय होते, याचा तक्ता मुलांकडून भरून घेतला. प = १ असता ३८, २ असता ६८, ३ असता ९०, ४ असता १०४, आणि ४.५ असता १०८, म्हणजे काठाने सगळा आयत व्यापला आणि आतला आयत एक रेघ होऊन संपला. पट्टी समान अंतराने वाढते, पण काठाची वाढ ३८, ३०, २२, १४ अशी दर टप्प्याला आठाने घटत जाते. प्रत्येक नवे वलय आधीच्याच्या आत बसते, त्याच्या आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजू २ सेमीने आखूड होतात, आणि परिमिती ८ सेमीने कमी होते.

एका मुलाने तक्ता पुढे चालू ठेवला. प = ५ असता आतला आयत २ × (−१), क्षेत्रफळ −२, आणि काठ ११०, बाहेरच्या आयताहून मोठा. हे अशक्य आहे, हे त्याने स्वतःच ओळखले. पण प = ७ ला त्याला ९८ मिळाले आणि ते त्याला ठीक वाटले, कारण (−२) × (−५) = १० आणि १०८ − १० = ९८. दोन ऋण बाजूंचा गुणाकार धन झाल्यामुळे अर्थहीन उदाहरणाचे उत्तर अगदी शहाण्यासारखे दिसते. ११० पाहून मूल थांबते, ९८ पाहून थांबत नाही. म्हणून उत्तराकडे पाहून तपासणी पुरेशी नाही, आतल्या आयताच्या दोन्ही बाजू धन आहेत ना, हे वजाबाकीआधीच पाहायला हवे. दुप्पट पट्टी लहान बाजूहून कमी असली पाहिजे, ही अट कृतिपत्रात सूत्राच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापायची आहे.

१९ जुलै

आयताला काटकोनी खाच पडली तर काठाचे काय होते, हे पाहिले. १२ × ९ च्या आयताच्या एका कोपऱ्यातून ५ × ४ चा तुकडा कापून टाकला. क्षेत्रफळ १०८ वरून ८८ झाले, परंतु परिमिती ४२ च राहिली, कारण खाचेच्या दोन नव्या बाजू गेलेल्या दोन भागांइतक्याच लांब आहेत. आता आतून १ सेमीचा काठ काढला. आतला आकार म्हणजे १० × ७ च्या आयतातून पुन्हा ५ × ४ ची खाच, कारण खाचेच्या बाजू आत सरकतात तेवढ्याच बाहेरच्या बाजूही आत सरकतात. ७० − २० = ५०, आणि ८८ − ५० = ३८. खाच नसलेल्या आयताचा १ सेमीचा काठही ३८ च होता.

हे आधी योगायोगासारखे वाटले, पण कारण पुन्हा कोपऱ्यांतच निघाले. या आकाराला बाहेर आलेले पाच कोपरे आहेत आणि आत गेलेला एक. परिमिती गुणिले पट्टी असे मोजताना बाहेर आलेल्या प्रत्येक कोपऱ्यावर एक चौरस दोनदा मोजला जातो, तर आत गेलेल्या कोपऱ्यावर एक चौरस मोजायचा राहून जातो. पाचातून एक गेला, चार उरले. सगळे कोपरे काटकोनी असलेल्या आणि स्वतःला न छेदणाऱ्या कोणत्याही बंद आकारात बाहेरचे कोपरे आतल्यांपेक्षा नेमके चाराने जास्त असतात, कारण कडेने एक फेरी पूर्ण करताना एकूण एक पूर्ण वळण, म्हणजे चार काटकोन, घ्यावे लागते. त्यामुळे कितीही खाचा पाडल्या तरी, पट्टी पुरेशी अरुंद असेल तोवर, काठ = परिमिती × प − ४प². सूत्रातला चार हा आकडा आयताच्या चार कोपऱ्यांचा आहे असे मी आजवर समजत होते. तो त्या एका पूर्ण वळणाचा आहे. या प्रकल्पात मला स्वतःला मिळालेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट.

त्याच ओघात आयताच्या मधून जाणाऱ्या, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन पट्ट्यांचे उदाहरणही घेतले. २ सेमीच्या पट्ट्यांचे क्षेत्रफळ २४ + १८ − ४ = ३८. पट्ट्या काढून टाकून उरलेले चार तुकडे एकमेकांकडे सरकवले की १० × ७ चा सलग आयत जुळतो, आणि १०८ − ७० = ३८. सहा तारखेला जे उत्तर मी चूक म्हणून खोडले होते, ते इथे बरोबर उत्तर म्हणून आले. मुलांपैकी दोघांनी ते गणित न करताच ओळखले.

२३ जुलै

आज क्षेत्रफळ वजनाने पडताळले. ए-४ आकाराचा कागद २१० × २९७ मिमी असतो; त्याच्यावर चारही बाजूंनी २५ मिमीचा समास सोडला तर काठ ६२३७० − १६० × २४७ = २२८५० चौ. मिमी, म्हणजे कागदाचा ३६.६ टक्के भाग. प्रत्यक्ष आकडा काढण्याआधी मुलांना अंदाज विचारला होता, आणि बहुतेकांनी तो बराच कमी सांगितला. समास ही कडेची गोष्ट वाटते, मात्र एवढ्या समासात कागदाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जातो.

८० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा कागद घेतला. ए-० चे क्षेत्रफळ एक चौरस मीटर आणि ए-४ त्याचा सोळावा भाग, म्हणून एका कागदाचे वजन सुमारे ५ ग्रॅम. एकच कागद तोलला तर काट्याची सूक्ष्मता अपुरी पडते, म्हणून दहा कागद एकत्र घेऊन सुरीने आतले आयत कापून काढले. काठ १८.२ ग्रॅम भरले आणि आतले आयत ३१.४ ग्रॅम, एकूण ४९.६ पैकी १८.२ म्हणजे ३६.७ टक्के. गणिताच्या आकड्याशी हे इतके जवळ आले की मुलांनी कापण्यातली हातचूक कुठे गेली असे विचारले. ती गेली नाही, दहा कागदांवर विखुरली गेली.

समास निम्मा, १२.५ मिमी केला तर काठ निम्मा होत नाही. तो २२८५० च्या निम्म्याऐवजी, म्हणजे ११४२५ ऐवजी, १२०५० चौ. मिमी येतो. फरक ६२५ चा, आणि ६२५ म्हणजे २५ चा वर्ग. १५ जुलैच्या तक्त्यातली आठाची घट इथे दुसऱ्या रूपात दिसते.

२६ जुलै

वजाबाकीची एक खरी कमजोरी आज लिहून ठेवतो आहोत, कारण सहकाऱ्यांशी यावर बराच वेळ चर्चा झाली. १००० × ७०० मिमीच्या फळीला ५ मिमीची अरुंद किनार आहे असे समजा. बाहेरचे क्षेत्रफळ ७००००० चौ. मिमी, आतले ९९० × ६९० = ६८३१०० चौ. मिमी, किनार १६९०० चौ. मिमी. आता आतल्या आयताच्या दोन्ही बाजू मोजताना १ मिमीची चूक झाली आणि ९९१ × ६९१ असे माप आले. आतले क्षेत्रफळ ६८४७८१ होते, म्हणजे केवळ पाव टक्क्याची चूक; पण किनार १५२१९ येते, आणि तिच्यातली चूक जवळजवळ दहा टक्के असते. दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या संख्या वजा केल्या की उरणारी संख्या लहान होते, चूक मात्र पूर्वीएवढीच राहते.

म्हणून अरुंद किनारीसाठी पट्टीचे माप थेट आणि सूक्ष्म साधनाने घ्यावे, आणि मध्यरेषेच्या परिमितीला तिने गुणावे. पट्टी व्हर्नियर कॅलिपरने मोजली आणि ५ च्या जागी ५.१ मिमी आली, तर उत्तर १७२३६ येते, चूक दोन टक्के. मात्र हीच पट्टी साध्या मोजपट्टीने मोजून १ मिमी चुकली, तर वीस टक्क्यांची चूक होते, वजाबाकीच्याही दुप्पट. रीत बदलल्याने अचूकता येत नाही. जे माप उत्तरावर सगळ्यात जास्त भार टाकते तेच काळजीने घ्यावे लागते. हा मजकूर मोठ्या मुलांच्या पत्रात जाईल.

३० जुलै

काठ आणि आतला आयत यांचे क्षेत्रफळ समान हवे असेल तर पट्टी किती? (ल − २प)(र − २प) = लर ÷ २ हे वर्गसमीकरण सोडवले की प = (ल + र − कर्ण) ÷ ४ मिळते, जिथे कर्ण हा बाहेरच्या आयताचा. आमच्या आयताचा कर्ण १५ आहे, हे पहिल्या दिवशी १२ आणि ९ निवडताना माझ्या मनात नव्हते. प = (२१ − १५) ÷ ४ = १.५; आतला आयत ९ × ६ = ५४, आणि १०८ चे निम्मे ५४.

हे दोरीने करता येते, आणि ज्या मुलांना वर्गसमीकरण अजून यायचे आहे त्यांनीही ते केले : लगतच्या दोन बाजूंइतकी दोरी घ्यायची, तिच्यातून कर्णाइतका भाग कापून टाकायचा, आणि उरलेल्या दोरीच्या चार समान घड्या घालायच्या. एका घडीची लांबी म्हणजे हवी ती पट्टी. ए-४ कागदावर हे माप ३५.८ मिमी येते.

समीकरणाला दुसरे उत्तरही आहे, प = (२१ + १५) ÷ ४ = ९. तिथे आतल्या बाजू −६ आणि −९ होतात आणि त्यांचा गुणाकार पुन्हा ५४ च येतो. १५ जुलैला ९८ लिहिणाऱ्या मुलाला मी हे मुद्दाम दाखवले. त्याने बाजू पाहिल्या, गुणाकार केलाच नाही, आणि ‘हा आयत नाही’ असे शेजारी लिहिले.

४ ऑगस्ट

शेवटचे कृतिपत्र सोळाचा प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीमुळे जमले. बाहेरच्या काठाचे १०० चौ. सेमी काढून झाल्यावर तिने विचारले की काठाच्या कोपऱ्याचे टोक आतल्या आयतापासून २ सेमीपेक्षा लांब आहे, मग तो काठ सगळीकडे २ सेमीचा कसा? तिचे निरीक्षण बरोबर आहे : कोपऱ्यातल्या २ × २ च्या चौरसाचा कर्ण सुमारे २.८३ सेमी. आयतापासून २ सेमीच्या आत असलेले बिंदूच घ्यायचे ठरवले तर प्रत्येक कोपऱ्यावर चौरसाच्या जागी पाव वर्तुळ बसते, आणि चार पाव मिळून २ सेमी त्रिज्येचे एक पूर्ण वर्तुळ होते.

आम्ही जमिनीवर आयत आखला, दोरीच्या एका टोकाला खडू बांधला, दुसरे टोक आयताच्या कडेवरून पुढे नेत बाहेरची रेघ काढली. सरळ कडांवर रेघ समांतर गेली आणि कोपऱ्याशी आल्यावर दोरीचे टोक तिथेच थांबून खडू गोल फिरला. या काठाचे क्षेत्रफळ ८४ + ४π, सुमारे ९६.५७ चौ. सेमी. चौकोनी कोपऱ्यांच्या १०० मधून ते वजा केले की ३.४३ उरतात, चारही कोपऱ्यांच्या बाहेर राहिलेल्या टोकांचे. ती टोके तिने आलेखकागदावर रंगवली आणि त्यांतले चौकोन मोजून सुमारे साडेतीन भरतात असे लिहिले. तिचा तो कागद कृतिपत्राची आकृती म्हणून जसाच्या तसा घेतला आहे.